शाळेच्या आवारात राहते आणि होणारा नवरा दोन आठवडे भेटायला येतोय (युगांडा), कसं जमवू?

उसातली_मास्तरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. मी मूळची सांगलीकडची, सध्या युगांडात आहे. कंपाला-जिंजा रोडवर लुगाझी म्हणून गाव आहे, तिथून आत एका खेड्यातल्या प्रायमरी शाळेत व्हॉलंटियर म्हणून पाचवी-सहावीला गणित शिकवते. चारी बाजूला ऊस, रस्त्यावर उसाचे ट्रक, मेहतांचा साखर कारखाना इथं १९२४ पासूनचा, त्यामुळे घर सोडून आलेय असं निम्मा वेळ वाटतच नाही 😄

तर झालंय असं की माझा होणारा नवरा (साखरपुडा झालाय, लग्न मी परत आल्यावर) जुलैच्या शेवटी दोन आठवडे यायचं म्हणतोय. मला आनंद आहेच, पण जसजसा विचार करतेय तसतसं टेन्शन वाढतंय. मी शाळेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहते, एकच खोली, भिंतीपलीकडे बोर्डिंगच्या मुलींचं डॉर्म, नळ आणि संडास कॉमन. हेडमिस्ट्रेस मॅडम फार चांगल्या आहेत पण कडक, रविवारी चर्चला न गेलेल्या मास्तरांना सोमवारी विचारतात की तब्येत बरी आहे ना. मी अजून त्यांच्याकडे विषयच काढला नाहीये. लग्न झालेलं नसताना सांगू कसं? नवरा आहे असंच सांगून मोकळी होऊ का, एक मैत्रीण तेच म्हणतेय.

दुसरं म्हणजे मी सकाळी सातला वर्गात जाते ते संध्याकाळी पाचला सुटते, एकेका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, घरी येऊन वह्या तपासायच्या. हा बिचारा दिवसभर काय करणार? आयटीतला माणूस, पक्का शाकाहारी, इथं नेटवर्क दोन काड्या. आणि खरं सांगायचं तर मला भीती ही पण आहे की तो आला की मी ना धड शाळेची राहीन ना धड त्याची. कुणी अशा परिस्थितीतून गेलंय का?

बिनधास्त_पक्या

एवढं काय त्यात, साखरपुडा झालाय ना, नवरा म्हणून सांग आणि ठेव खोलीत. कोण मॅरेज सर्टिफिकेट बघायला येतंय आफ्रिकेत. दोन आठवडे आहेत, मजा करा.

कंपालावाला

पक्याभाऊ, तसं नसतं हो. मी इथं कंपालात बरीच वर्षं नोकरीला आहे, खेडेगावातल्या शाळेत काय चालतं आणि काय नाही हे चांगलं माहीत झालंय.

ताई, पहिली गोष्ट, खोलीत ठेवायचा विचार डोक्यातून काढून टाका, आणि ते लग्न झालंय की नाही यावरून नाही. बोर्डिंगच्या मुलींच्या भिंतीला लागून बाहेरचा पुरुष रात्री मुक्कामाला, हे सख्खा नवरा असला तरी कुठलीही शहाणी हेडमिस्ट्रेस मान्य करणार नाही आणि करूही नये. तुमच्या संस्थेची पण मुलांच्या सुरक्षेची लेखी पॉलिसी असणार, त्यात पाहुण्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, त्यांना मेल टाकून ठेवा. उद्या काही कुजबुज झाली तर तो विमानात बसून निघून जाईल, तुम्हाला तिथंच वर्गात उभं राहायचंय.

दुसरं, खोटं बोलू नका, गरजच नाही. इथल्या बागांडा लोकांत लग्नाआधी क्वांजुला असतो, मुलाकडची माणसं मुलीच्या घरी टोपल्या, कापडं, भेटवस्तू, ऐपत असेल तर गाय घेऊन येतात, मुलीची आत्या, तिला सेंगा म्हणतात, ती पुढे होऊन सगळं चालवते, सगळ्या गर्दीतून नवरामुलगा ओळखून दाखवते, तासन् तास थट्टामस्करी आणि मग जेवण. बऱ्याच लोकांच्या दृष्टीने ते झालं की नातं पक्कं, चर्चमधलं लग्न मागाहून पैसे जमतील तेव्हा. तुमचा साखरपुडा म्हणजे त्यांच्या हिशेबात तेच. मॅडमना जाऊन सरळ सांगा की आमच्या दोन्ही घरच्यांनी मिळून समारंभ करून ठरवलंय, आणि साखरपुड्याचे फोटो दाखवा, ज्यात दोन्हीकडची म्हातारी माणसं बसलेली दिसतायत असे. साडी, ओटी, पेढे सगळं दाखवा. माझ्या ऑफिसातल्या बायका असले फोटो बघायला अर्धा तास काम सोडून बसतात.

राहायचं म्हणाल तर लुगाझी गावात साधी गेस्ट हाउसं आहेत, नाहीतर जिंजा, तुमच्यापासून पस्तीसेक किलोमीटर, तिथं परदेशी लोकांची वर्दळ असते, चांगली हॉटेलं आहेत, वायफाय आहे. शनिवार-रविवार तुम्ही तिकडे जा. हॉटेलवाले पासपोर्ट बघतात, बाकी चौकशा करत नाहीत. गावात मात्र हातात हात घालून फिरू नका, इथं दोन पुरुष मित्र बोलता बोलता हात धरून चालतील त्याचं कुणाला काही वाटत नाही पण जोडप्याने तसं केलं की माना वळतात.

विमानाचं, मुंबई-एंटेबे (इथला विमानतळ तिथं आहे) थेट फ्लाइट युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये सुरू केली, नाहीतर अदिस किंवा नैरोबीवरून. रात्री उतरणार असेल तर एंटेबेतच मुक्काम करायला लावा. जिंजा रोड म्हणजे मोंबासा बंदराकडून येणारे सगळे कंटेनर आणि त्यात तुमचे उसाचे ट्रक, अंधारात त्या रस्त्याला कुणालाही पाठवू नये. व्हिसा ऑनलाइन, एकट्या युगांडाचा ५० डॉलर. पूर्व आफ्रिकेचा १०० डॉलरचा एक मिळतो, त्यात केनिया आणि रवांडा पण येतं, पण दोनच आठवडे आहेत तर उगाच कशाला. आणि डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या आणायला सांगा, जुन्या किंवा घडी पडून मळलेल्या नोटा इथं घेत नाहीत किंवा भाव पाडून घेतात.

रमाकाकू_कराड

अगं पोरी, आधी सांग, घरी आईवडिलांना माहितेय का तो येतोय ते? राग मानू नकोस हो, विचारायला हवं म्हणून विचारलं.

आम्ही नव्वदच्या दशकात जिंजाजवळ काकिराला होतो, आमचे हे शुगर टेक्नॉलॉजिस्ट, तेव्हा आपल्याकडची बरीच मंडळी तिकडच्या कारखान्यांवर जायची, अजूनही जातात. तुझं वाचून सगळं डोळ्यांपुढे आलं. तो जेवणाचं काय करेल म्हणून तू घाबरतेस ना, अजिबात घाबरू नकोस. तिकडचं शाळेतलं जेवण म्हणजे पोशो (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) आणि घेवड्याच्या बिया, आमटीसारख्याच, मटोके म्हणजे कच्ची केळी पानात बांधून वाफवलेली, आणि त्यावर ती शेंगदाण्याची गुलाबीसर पातळ ग्रेव्ही, आपल्या दाण्याच्या आमटीची बहीणच म्हण, उपासाला खाल्ल्यासारखं वाटतं. दोदो म्हणतात ती भाजी म्हणजे आपला माठ. फणस रस्त्यावर कापून वाट्यावर मिळतो. ॲव्होकॅडो तर झाडाखाली पडलेले असतात. आणि रोलेक्स! चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात ते, त्याला सांग अंडं चालत नसेल तर नुसती चपाती आणि घेवडा माग, किकोमांडो म्हणतात त्याला, चपातीचे तुकडे करून वर घेवडा ओततात. चपाती नेली आपल्याच लोकांनी, आता ती त्यांची झालीय.

लुगाझीच्या पुढे माबिराचं जंगल लागलं की नाज्जेंबेला गाड्या थांबतात, मग पन्नास पोरं निळे-लाल एप्रन घालून खिडकीत काडीला लावलेली भाजकी कोंबडी घुसवतात, तुझ्या शाकाहारी माणसाच्या नाकाजवळ येतील 😀 त्याला आधी सांगून ठेव. तिथंच भाजलेली गोंजा केळी मिळतात, ती घ्यायची, गरम गरम.

एक गोष्ट त्याला आवर्जून सांग. मुली आणि बायका मोठ्या माणसाला नमस्कार करताना गुडघे टेकतात. शाळेतल्या मुली त्याच्यापुढे धपकन गुडघ्यावर बसतील तर त्याने दचकून हात धरून उठवायचं नाही, अगं उठ उठ म्हणून गोंधळ करायचा नाही. शांतपणे उत्तर द्यायचं, दोन शब्द विचारपूस करायची, झालं. आमच्याकडे एक नवीन इंजिनिअर आले होते त्यांनी कामवाल्या बाईंना असं उठवलं तर ती दोन दिवस विचारत होती की माझं काय चुकलं.

आणि कुणाच्या घरी बोलावलं तर रिकाम्या हाताने जायचं नाही. साखर, साबणाच्या वड्या, ब्रेड. हे तिथं चालतं, मिठाईच्या बॉक्सपेक्षा जास्त आवडतं. निघताना कोंबडी हातात देतील, जिवंत. नाही म्हणायचं नाही, घ्यायची आणि मग शाळेच्या स्वयंपाकघरात द्यायची.

किसुमू_रिटर्न

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे येणारा पाहुणा. माझी बायको केनियात किसुमूजवळच्या एका शाळेत शिकवत होती, मी भेटायला गेलो होतो. त्यामुळे तुमच्या होणाऱ्या नवऱ्याच्या वतीने थोडं बोलतो.

माझी कल्पना अशी होती की आपण जाणार, तिला सरप्राइज काहीतरी, संध्याकाळी लेकच्या काठावर बसणार वगैरे. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी सकाळी प्रार्थनेला अख्ख्या शाळेसमोर उभं केलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. काहीच तयारी नाही. दहाच्या चहाला स्टाफरूममध्ये मंदाझी आणि चहा, सगळे मास्तर मला शेमेजी म्हणायला लागले म्हणजे मेव्हणा-भावोजी असं काहीतरी, मग त्या नात्याने जी चेष्टा सुरू झाली ती मी निघेपर्यंत. मुलं किती कधी होणार, हुंडा कुणी कुणाला दिला, आपल्याकडे मुलीचे आईबाप देतात हे ऐकून तर स्टाफरूम दोन मिनिटं गप्प, मग एक म्हातारे सर म्हणाले की तुमच्याकडे मुलगी देऊन वर पैसे पण देतात?? मला उत्तर सुचलं नाही.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. ती वर्गात, मी खोलीत, फोन चार्ज करायला वीज नाही. तेव्हा मी पिवळा जेरीकॅन घेऊन बोअरवर पाणी आणायला गेलो. तिथल्या बायका इतक्या हसल्या की एकीने हातातलं भांडं खाली ठेवलं. वीस लिटरचा कॅन, एका हाताने उचलायचा म्हटलं तर मी वाकडा होऊन चालत होतो, एक दहा-बारा वर्षांची पोरगी तसाच कॅन डोक्यावर घेऊन माझ्या पुढे निघून गेली, वर मागे वळून विचारते जड आहे का. पण त्या दिवसापासून रस्त्यावर लोक थांबून बोलायला लागले. बायकोला इतके महिने जे सांगितलं नव्हतं ते मला सांगायला लागले, कारण मी रिकामटेकडा, तिला कुणाकडे बसायला वेळ कुठे होता.

सांगायचं एवढंच की त्याच्या मनोरंजनाची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका. त्याला त्याचं काहीतरी शोधू द्या. फक्त एक, त्याच्या हातात वर्ग देऊ नका, टुरिस्ट व्हिसावर शिकवणं हे काम धरलं जातं आणि निस्तरावं शाळेला लागतं. आणि रोज संध्याकाळचा एक तास ठरवून घ्या ज्यात वह्या नाहीत. आम्ही अंगणात बसून शेंगा सोलायचो, बाजूला शेजाऱ्यांची पोरं असायचीच, एकांत वगैरे काही नाही, पण बोलणं व्हायचं.

ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी असते ना तिकडे? मग जुलैला कशाला बोलावताय?

लसवाली

मी ट्रॅव्हलच्या क्षेत्रात काम करते, डॉक्टर नाही. पण या धाग्यात यलो फीव्हर कुणीच लिहिलं नाही म्हणून घाईघाईत लिहितेय.

युगांडात शिरायला यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत येताना भारतात लागतं. नसेल तर इथं विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, आणि याबाबतीत आपले लोक अजिबात ऐकत नाहीत, कितीही ओळख काढा. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात पळापळ करून उपयोग नाही. कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच, तिथं तारीख मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी तारीख बघा. सोबत पासपोर्ट न्यायचा आणि सर्टिफिकेटवर नाव, नंबर पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते तिथंच खिडकीवर बघून घ्यायचं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, २०१६ पासून दहा वर्षांची अट गेली. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून निघायच्या आधीच सुरू करायच्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायच्या, लोक घरी पोचले की बंद करतात. आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी युगांडातून आलोय. पावसाळ्यात इथं प्रत्येक ताप आधी डेंग्यूच वाटतो आणि तिकडचा मलेरिया वाट बघत बसत नाही. व्हिक्टोरिया लेकमध्ये काठाला पोहायचं पण नाही, बिलहार्झियाचे जंतू असतात.

बिनधास्त_पक्या

बरं बाबा, खोलीत नको ठेवू. मुलींच्या डॉर्मचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मग गोरिला बघायला तरी जा दोघं.

कंपालावाला

पक्याभाऊ, गोरिलाचं परमिट माणशी ८०० डॉलर आहे परदेशी लोकांना, २०२४ च्या जुलैपासून. व्हॉलंटियर बाईंना महिन्याला किती मिळतात माहितेय का 😅

ताई, त्यापेक्षा जिंजाला नाईल निघते तिथं होडीतून जा. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथं सोडला होता, पुतळा आहे. राफ्टिंग आहे. धरणाचे आणि पुलाचे फोटो मात्र काढू नका, पोलीस फोन मागतात.

रमाकाकू_कराड

आम्ही होतो तेव्हा बुजागालीचा धबधबा होता, पोरं पिवळा जेरीकॅन पोटाशी धरून त्यात उड्या मारायची, पैसे घेऊन. तो धरणात गेला असं ऐकलं, २०११ ला.

उसातली_मास्तरीण

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काकू, आईबाबांना माहितेय हो, उलट त्याच्या आईनेच आग्रह केला की एकदा जाऊन बघून ये ती काय खाते 😄

काल शाळा सुटल्यावर मॅडमकडे गेले. फोटो दाखवले. कंपालावाला दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, मॅडमनी ओटी भरतानाचा फोटो मोठा करून बघितला, ही बाई कोण, ही कोण, तुझी आत्या कुठली, आत्याने काय दिलं. आत्या पाठीमागच्या रांगेत बसलीय हे कळल्यावर म्हणाल्या असं कसं, तिनं पुढं असायला पाहिजे. मग म्हणाल्या आवारात तो राहणार नाही हे तुलाही कळतंय ना, म्हटलं हो मॅडम. तर आमच्या डेप्युटी सरांचं घर गावात आहे, त्यांची एक खोली रिकामी आहे, तिथं राहील असं त्यांनीच ठरवलं, मला विचारलं पण नाही. जेवण पण तिथंच. मी पैसे देऊ का विचारलं तर नाराज झाल्या, म्हणून आता साखर आणि साबण भरपूर नेणार.

तारखा पण बदलल्या. त्याला ऑगस्टच्या मधोमध यायला सांगितलंय म्हणजे टर्मचा शेवटचा आठवडा त्याला शाळा बघायला मिळेल आणि मग सुट्टी लागली की आम्ही जिंजाला. शेवटच्या आठवड्यात पेपर तपासणं आणि रिपोर्ट कार्ड असतं, त्यामुळे मी तेव्हा वाईट मूडमध्ये असणार हे त्याला लेखी कळवलंय. लुगाझीत राहून सकाळी टॅक्सीने (म्हणजे इथली चौदा सीटची व्हॅन, भरल्याशिवाय हलत नाही) कंपालाला एकटा जाऊन यायचं पण त्याने कबूल केलंय. मॅडमना कळलं की तो कॉम्प्युटरवाला आहे तर त्यांनी ऑफिसातला बंद पडलेला प्रिंटर दाखवायला काढून ठेवलाय. हे शिकवण्यात धरत नसावेत 🙏

आता एकच प्रश्न उरलाय. तो विचारतोय मुलांसाठी काय आणू, त्याला चॉकलेटं आणायचीयत.

किसुमू_रिटर्न

चॉकलेटं नको. शाळेत सहाशे मुलं असतील तर पन्नास चॉकलेटांनी मारामारी होते, आणि पुढच्या पाहुण्याकडे पोरं हात पुढे करून येतात. कंपासपेट्या, मोठे लाकडी कोनमापक फळ्यावर वापरायचे ते, खडू. आणि ते त्याने वाटायचे नाहीत, मॅडमच्या हातात द्यायचे, व्हिजिटर्स बुकात सही करायची, बस. मुलांचे फोटो काढले तर फेसबुकवर टाकायचे नाहीत, हे त्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर विमानतळावरूनच पोस्ट येते.

कंपालावाला

आणि चार्जरला चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो इथं, भारतातला बसत नाही. डेप्युटी सरांच्या घरी मुलगे असतील तर क्रिकेटची बॅट आणायला हरकत नाही, लुगाझीत खेळतात पोरं.

रमाकाकू_कराड

डेप्युटींच्या बायकोसाठी एखादी साधी सुती साडी पाठवायला सांग, ती कापून गोमेसी (तिकडच्या बायकांचा सणासमारंभाचा पायघोळ झगा) शिवून घेईल. चकाकणारी नको, पण रंग भडक चालेल. आणि तुला काय हवंय ते पण सांग की त्याला, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, लाजू नकोस.

उसातली_मास्तरीण

काकू, कांदा-लसूण मसाल्याची दोन किलोची यादी आधीच गेलीय. सुती साडीचं आईला सांगते.